ॲसिड, ब्लिचिंग आणि फिनेल : एकाच न्हाणीत तिन्ही कशाला?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लातूरजवळ भाड्याचं घर, पाणी बोअरचं, मार्चनंतर टँकरचं. न्हाणीत आणि संडासात पांढरा थर बसतो, म्हणून दर रविवारी तुम्ही सुटं ॲसिड टाकून घासता. ॲसिडचा वास जावा म्हणून वरून ब्लिचिंग पावडर भुरभुरता आणि शेवटी फिनेलच्या पाण्याने पुसून घेता. गेल्या रविवारी डोळ्यांतून पाणी आलं, खोकल्याची उबळ आली आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या सासूबाईंना दम्याचा त्रास रात्रभर पुरला. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात जातं, धुण्याचं पाणी तुम्ही लिंबोणीला आणि शेवग्याला घालता. ही रसायनं विषारी आहेत का, आणि त्याऐवजी लिंबू, सोडा, व्हिनेगर असं ‘नैसर्गिक’ वापरून भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

साफसफाईची रसायनं किती घ्यायची, कुठे घ्यायची आणि कशाबरोबर घ्यायची नाहीत हे माणसांना शिकवणं हेच माझं रोजचं काम आहे. उत्तर लांबणार आहे, पण एक गोष्ट आत्ताच ऐका: ॲसिड आणि ब्लिचिंग एका जागी, एका दिवशी वापरणं आजपासून बंद. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

तुम्हाला लागला तो ठसका ॲसिडच्या वासाचा नव्हता, क्लोरीनचा होता. ब्लिचिंग पावडर म्हणजे ग्रामपंचायतीतले लोक जिला टीसीएल म्हणतात तीच. तिच्यात क्लोरीन बांधून ठेवलेला असतो. ॲसिड पडलं की तो वायू होऊन सुटतो. हिशेबच मांडतो. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास ‘उपलब्ध क्लोरीन’ असतो. दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम पावडर टाकली तर ३.३ ग्रॅम क्लोरीन. न्हाणी ५ फूट बाय ४ फूट आणि ८ फूट उंच धरू. आत साडेचार घनमीटर हवा मावते. सगळा क्लोरीन त्या हवेत आला तर प्रमाण २५० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५० भागांच्या, घरात जातं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी निऑश ही सरकारी संस्था १० पीपीएम हीच पातळी जिवाला तात्काळ धोक्याची धरते. सगळा वायू एकदम सुटत नाही, थोडा पाण्यात राहतो, थोडा खिडकीतून जातो, हे खरं. पण पंचविसावा हिस्सा हवेत आला तरी ती पातळी गाठली जाते. दोन चमच्यांत!

त्यात हा वायू हवेपेक्षा अडीच पट जड. तो छताकडे न जाता फरशीवर साचतो. आपण उकिडवं बसून फरशी घासतो, म्हणजे नाक नेमकं त्याच थरात. तीन वर्षांच्या मुलाची तर उंचीच तेवढी. आणि उंबऱ्यावरून तो शेजारच्या खोलीत सरकतो. सासूबाई पलीकडच्या खोलीत होत्या याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

पुन्हा कधी असा ठसका बसलाच तर पाणी ओतून ‘धुऊन काढू’ म्हणून आत थांबू नका. बाहेर या, दार-खिडकी उघडी टाका, कपड्यांवर काही उडालं असेल तर ते बदला. तोंडाला ओला रुमाल बांधून परत आत जाणं हा खुळेपणा आहे. रुमालाने क्लोरीन अडत नाही. खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं, शिट्टीसारखा आवाज, यातलं काही अर्ध्या तासात कमी झालं नाही तर दवाखाना गाठा. क्लोरीनचा एक वाईट गुण म्हणजे फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा सुरू होऊ शकतो. दम्याच्या माणसाने तर वाट बघूच नये. त्यांचा पंप जवळ ठेवा, आणि डॉक्टरांना ‘ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र झालं होतं’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘वास लागला’ म्हटलं तर त्यांना अंदाज येत नाही.

याच घरातली आणखी दोन भांडणं आहेत. ब्लिचिंगबरोबर लिंबू किंवा व्हिनेगर आलं तरी क्लोरीन सुटतो, कारण तीही ॲसिडंच. कमी सुटेल, हळू सुटेल, पण सुटेल. दुसरं, ब्लिचिंग आणि मूत्र. जुन्या मूत्रात अमोनिया असतो, त्याचं ब्लिचिंगशी जुळलं की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात आणि तेही डोळे-घसा धरतात. मुतारीसारखा वास मारणाऱ्या कोपऱ्यात आधी बादलीभर पाणी मारायचं आणि मगच ब्लिचिंग, ते यासाठी. गोमूत्राचं फिनेल वापरत असाल तर तेही ब्लिचिंगपासून लांब ठेवा.

आता मूळ दुखण्याकडे. तुमच्या न्हाणीतली घाण म्हणजे बहुतेक मळ नाहीच, ते पाण्यातले क्षार आहेत. आपल्याकडे काळ्या पाषाणातून बोअरचं पाणी येतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे याच क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा, असं आहे. समजा तुमच्या बोअरचा ५०० आहे. म्हणजे फरशीवर लिटरभर पाणी पडलं आणि तिथंच सुकलं तर निदान अर्धा ग्रॅम क्षार मागे राहिले. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी सुकायला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी काय सांगणार. भर म्हणून साबणाचं या पाण्याशी जमत नाही. त्याचा फेस होण्याऐवजी चिकट, करडा साका होतो आणि तो क्षारांना फरशीवर चिकटवून ठेवतो.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय बाटलीत मिळत नाही. आंघोळ झाली की वायपरने फरशी आणि भिंतीचा खालचा दोन-तीन फूट भाग ओढून घ्यायचा. मिनिटभराचं काम. पाणी सुकू दिलं नाही तर क्षार साचतीलच कुठून? हे रोज केलंत तर दर आठवड्याचं घासणं महिन्यावर जाईल. हे सांगितलं की लोकांना मी काही सांगितलंच नाही असं वाटतं, पण खरं काम याचंच आहे.

आधीच बसलेला थर काढायला ॲसिडच लागतं, हे मान्य. पण कुठलं, हे फरशीवर अवलंबून आहे, आणि फरशी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत न्हाणीला शहाबादी आणि ओट्याला कडप्पा हमखास असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड. म्हणजे पांढरा थर ज्या पदार्थाचा, दगडही त्याच पदार्थाचा. ॲसिडला दोघांतला फरक कळत नाही. शहाबादीवर ॲसिड टाकलं की जो फेस येतो तो बघून ‘घाण निघतेय’ असं वाटतं. प्रत्यक्षात फरशी निघत असते. वरचं गुळगुळीत कातडं गेलं की दगड खरबरीत होतो, त्या खाचांत क्षार आणि मळ दुप्पट धरतो, मग आणखी ॲसिड. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचे दोन-चार थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर निस्तेज डाग राहिला, तर त्या फरशीवर कुठलंच ॲसिड नाही, लिंबूही नाही.

अशा दगडाला धुण्याचा सोडा चालतो. अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घाला, फरशीवर पसरून पंधरा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा. साबणाचा साका सुटतो आणि त्याला धरून बसलेले क्षार बरेचसे त्याच्याबरोबर निघतात. जाड पापुद्रा असेल तर प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून खरवडा, लोखंडी खरपणी नको. पूर्ण पांढरं-काळं चकाचक होणार नाही. ॲसिडने आधीच खाल्लेली शहाबादी घासून पूर्ववत होत नाही; तिला पॉलिशवाल्याकडून फिरवून घ्यावं लागतं, आणि भाड्याच्या घरात तो खर्च मालकाचा.

सिरॅमिकच्या टाइल्स असतील तर सायट्रिक ॲसिड आणा. किराण्यात लिंबूसत किंवा निंबूफूल म्हणून मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. आधी टाइल्सचे सांधे साध्या पाण्याने चांगले भिजवून घ्या. सांध्यात सिमेंट असतं आणि कोरडं सिमेंट ॲसिड पिऊन घेतं. पाण्याने आधीच भरलेलं असलं की ॲसिड वरच राहतं. मग द्रावण ओता. भिंतीवर ओघळून जातं म्हणून जुना सुती कपडा त्यात भिजवून चिकटवून द्यायचा. नळाला, शॉवरच्या तोटीला तोच कपडा गुंडाळायचा. पंधरा-वीस मिनिटं. नळाचा मुलामा उडालेला असेल तर पाचच मिनिटं. घासून लगेच धुऊन टाका.

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, लोक अर्ध्या तासाने येऊन ‘काही झालं नाही’ म्हणतात. एक ग्रॅम क्षार विरघळायला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम सायट्रिक ॲसिड खर्ची पडतं. थर जाड असेल तर ओतलेलं द्रावण पाच-दहा मिनिटांतच निकामी झालेलं असतं. ते कितीही वेळ ठेवून उपयोग नाही. फेस थांबला की जुनं ओढून टाकायचं आणि ताजं घालायचं, दोनदा-तीनदा. जास्त घट्ट करण्यापेक्षा पुन्हा घालणं बरं. दुसरं, उकळतं पाणी वापरलं किंवा द्रावण तिथंच सुकू दिलं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा थर बसतो, आणि तो पहिल्यापेक्षा चिवट. म्हणून कोमट, आणि ओलं असतानाच धुणं.

व्हिनेगर हेच काम करतं, पण त्याची वाफ उठते आणि दम्याच्या माणसाला ती सोसत नाही. सायट्रिक ॲसिडची वाफ होत नाही. तुमच्या घरापुरतं तरी मी व्हिनेगर बाद करीन. सुटं ॲसिड तर त्याहून वाईट: बाटली उघडताच हायड्रोक्लोरिकचा धूर येतो, तो नळ, कडी-कोयंडे, पत्र्याचं दार सगळं गंजवतो. न्हाणीतला गिझर आणि स्टीलची बादली लवकर खराब होत असतील तर कारण हेच.

संडासच्या भांड्यात मात्र क्षार आणि मुत्राचा दगडासारखा थर बसतो, तिथं सायट्रिक कमी पडू शकतं. तिथं बाजारातलं बाटलीबंद टॉयलेट क्लीनर घ्या. त्यातही हायड्रोक्लोरिकच असतं, पण १० टक्क्यांच्या आसपास, घट्ट केलेलं, त्यामुळे उतारावर धरून राहतं आणि धूर कमी करतं. हातगाडीवर पाण्याच्या बाटलीत मिळणारं ‘तेजाब’ किती तीव्र आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुट्या विक्रीवर निर्बंध घातले: विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. गाडीवर यातलं काय होतं ते आपण बघतोच. क्लीनर फक्त चिनी मातीच्या भांड्यात, कडेने फिरवून, वीस मिनिटं, मग ब्रश आणि पाणी. बाटलीमागचा मजकूर वाचा, कारण सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांत एकात हायड्रोक्लोरिक असतं, दुसरीत सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच. घरात या दोन्ही जातींपैकी संडाससाठी एकच ठेवा. चुकायची सोयच राहत नाही.

तुमच्या ‘नैसर्गिक’ प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलंच. उरलेलं अर्धं व्हिडिओत दाखवतात त्या खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या फेसाबद्दल. तो फेस दिसायला झकास, पण ॲसिड आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. सोडा वेगळा वापरला तर चिकट मळ काढेल, व्हिनेगर वेगळं वापरलं तर क्षार काढेल. दोन्ही एकत्र म्हणजे दोन्ही वाया. रिठा, शिकेकाई भांड्यांना, कपड्यांना ठीक, पण क्षारांपुढे त्यांचं काही चालत नाही.

मग फिनेल कशाला, तर वासासाठी. वास कुठून येतो ते आधी बघा. न्हाणीच्या जाळीखाली ट्रॅपमध्ये दोन-एक इंच पाणी साचून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. पाणीटंचाईत न्हाणी कमी वापरली जाते, ते पाणी आटतं आणि वास सरळ वर येतो. तांब्या-दोन तांबे पाणी जाळीत ओतलं की थांबतो. तरीही वास आला तर जाळी उचलून आत अडकलेले केस आणि साबणाची बुळबुळ हातमोजा घालून काढा. फिनेल वास झाकतं, घालवत नाही. त्यातून काळं फिनेल जड, म्हणजे क्षारांच्या, पाण्यात नीट मिसळत नाही: एरवी ते पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं, आपल्या बोअरच्या पाण्यात ते नासल्यासारखं फुटतं, वर तेलाचे तवंग येतात आणि फरशी चिकट होते. जंतू मारायची ताकदही तिथंच संपते. सासूबाईंच्या दम्यासाठी उग्र वासाचं काहीही, अगदी पाइनच्या वासाचं पांढरं फिनेलसुद्धा, मी घरातून काढून टाकीन.

जंतुनाशक म्हणून ब्लिचिंग मला आवडतं, वेगळ्या दिवशी आणि मोजून. रोज त्याची गरज नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, भिंतीवर काळी बुरशी आली, सांडपाणी आत शिरलं, तर वापरा. लिटरभर पाण्याला सपाट एक छोटा चमचा, म्हणजे तीनेक ग्रॅम ताजी पावडर, की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी घ्या. नाहीतर त्याचाच पांढरा थर बसेल आणि तुम्ही पुन्हा ॲसिडकडे वळाल! जागा आधी साबणाने धुऊन घ्या, कारण मळ असला की क्लोरीन मळावरच खर्च होतो, जंतूंपर्यंत पोचत नाही. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. पिशवी उघडी राहिली की पावडर आठवड्या-महिन्यांत मरते, पत्र्याखालच्या उन्हात त्याहून लवकर. तिला वासच येत नसेल तर ती गेलेली समजा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सावलीत, ॲसिडपासून दुसऱ्या खोलीत.

मोरी तुंबली तर ती उघडायला मिळणारे कॉस्टिकचे दाणे घरात ठेवूच नका. मुलाला ते साखरेसारखे दिसतात आणि अन्ननलिका कायमची जाळतात. रबरी पंप आणि लवचिक तार याने दहापैकी नऊ मोऱ्या सुटतात. आणि दाणे टाकून झाल्यावर निघालं नाही म्हणून वरून ॲसिड ओतणं तर कधीच नको. तिथल्या तिथे उकळी फुटून सगळं तोंडावर उडतं.

एवढ्यातून लक्षात ठेवायचं तर एवढंच: क्षाराला ॲसिड, चिकट मळाला सोडा किंवा साबण, जंतूंना ब्लिचिंग, आणि प्रत्येकाचा वार वेगळा.

स्प्रेबद्दल एक शब्द. बर्गेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये युरोपातल्या सहा हजारांवर लोकांचा वीस वर्षांचा मागोवा छापला. घरी किंवा नोकरीत साफसफाई करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद, न करणाऱ्यांपेक्षा लवकर घटत गेल्याचं त्यात दिसलं. एवढ्यावरून अमुक बाटलीने तमुक झालं असं म्हणता येणार नाही. पण फवारलं की थेंब श्वासात जातात आणि कपड्यावर ओतून पुसलं की जात नाहीत, एवढं समजायला संशोधन लागत नाही. काचेचं, ओट्याचं जे काही स्प्रेचं असेल ते कपड्यावर घ्या. आणि तुमच्याकडे धुणीभांडी करायला ताई येत असतील तर त्यांनाही रबरी हातमोजे द्या. सोडा आणि जड पाणी हातांची कातडी फाडतात, आणि या ताई दिवसाला चार घरं करतात.

पाण्याचं काय? इथं मी तुम्हाला थोडा वेगळा हिशेब सांगणार आहे. एका घरातलं ॲसिड जमिनीला फार काही करत नाही, कारण आपली काळी माती स्वतःच चुनखडीने भरलेली असते आणि ॲसिड तिथल्या तिथे मरतं. ब्लिचिंगही शोषखड्ड्यातल्या मळावर लवकर खर्च होतं. संडासच्या टाकीत मात्र रोज ब्लिचिंग आणि फिनेल गेलं तर मैला कुजवणारे जंतू मरतात, गाळ लवकर भरतो आणि मैला उपसणारी गाडी वेळेआधी बोलवावी लागते. आठवड्याला एखादा कप गेला तर टाकी तो सोसते.

लिंबोणीला खरा त्रास आहे तो धुण्याच्या सोड्याचा, आणि कपडे धुण्याच्या पावडरीतही तोच सोडा ढीगभर असतो. त्यातलं सोडियम कुजत नाही, उडून जात नाही, आळ्यात साठत राहतं. काळ्या मातीत सोडियम वाढलं की तिचे कण सुटे होतात, भेगा-छिद्रं लिंपली जातात, पाणी मुरत नाही. आळ्यात पाणी तासन्‌तास उभं राहायला लागलं, सुकल्यावर वर पांढरट-करडी साय दिसली, पानांची टोकं करपली, तर ओळखा. लिंबूवर्गीय झाडं या बाबतीत फार नाजूक. म्हणून धुण्याचं पहिलं, फेसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडा आणि दुसरं-तिसरं खळबळलेलं पाणी झाडाला द्या. फेसाचं पाणी वाया घालवणं जिवावरच येत असेल तर ते कर्दळीला, अळूला, केळीला. त्यांना ते बरंच पचतं. लिंबोणीच्या आळ्यात पावसाळ्याआधी ओंजळ-दोन ओंजळ जिप्सम मिसळलंत तर पहिल्या मोठ्या पावसांत बरंच सोडियम खाली निघून जाईल. ज्या दिवशी ब्लिचिंग किंवा फिनेल वापरलं त्या दिवशीचं पाणी कुठल्याच झाडाला नको.

कपड्यांसाठी सोडा टाकावाच का, असं मग तुम्ही विचाराल. जड पाण्यात थोडा टाकला तर पावडर कमी लागते. कठीणपणा ५०० असलेल्या पाण्याला १५ लिटरच्या बादलीमागे ८ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे कोरडा सोडा पुरे. खडे असतील तर तिप्पट, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आधी सोडा, पाच मिनिटांनी पावडर. पावडर मग नेहमीच्या निम्मी घालून बघा. लोकर, रेशीम आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना हे पाणी लावू नका. पावडर घेताना वेष्टनावर ‘फॉस्फेट नाही’ असं असेल तर ती घ्या. शहरांतलं सांडपाणी शेवटी ओढ्या-नदीतच जातं, छत्रपती संभाजीनगरचं खाममार्गे गोदावरीत, आणि साचलेल्या पाण्यावर जलपर्णी माजते ती याच फॉस्फेट-नायट्रोजनवर.

मुलाबद्दल. ॲसिड, फिनेल, ब्लीच यातलं काहीही थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. फिनेलचं पाणी ताकासारखं दिसतं आणि मूल तहानलेलं असतं, एवढंच निमित्त पुरतं. वरच्या फळीवर, कडी लावून. काही गिळलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, ‘उतारा’ म्हणून लिंबू किंवा सोडाही देऊ नका. ॲसिड आणि कॉस्टिक वर येताना घसा दुसऱ्यांदा जाळतात. फिनेल आणि रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात उतरतं. तोंड पुसून, चूळ भरता येत असेल तर भरायला लावून, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. डोळ्यात उडालं तर पापणी उघडी धरून साध्या पाण्याची धार सलग वीस मिनिटं, कॉस्टिक असेल तर त्याहून जास्त. टंचाई असली तरी न्हाणीपाशी झाकलेली एक बादली यासाठी कायम भरलेली असू द्या. रविवारी नळ कोरडा असतो आणि अपघात वार बघून होत नाहीत.

टँकरचं पाणी साठवायला तुम्ही निळे प्लॅस्टिकचे पिंप घेतले असतील. ते कारखान्यातून आलेले जुने असतील तर त्यात आधी काय होतं ते सांगता येत नाही, आणि प्लॅस्टिक थोडंफार मुरवून घेतं. कितीही धुतलं तरी ते पिण्या-स्वयंपाकाच्या पाण्याला नको. संडासला, फरशीला खुशाल वापरा.

आणि शेवटचा मुद्दा, जो तुम्ही विचारलेला नाही. घरात आरओ असेल तर त्याचं बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेच जण त्याच पाण्याने न्हाणी धुतात. त्या पाण्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त असतात. वाचवा जरूर, पण संडासात ओतायला. फरशी, टाइल्स आणि लिंबोणीला नको. पाण्याचा कठीणपणा एकदा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. तो आकडा आणि फरशी कुठली ते इथं लिहिलंत तर सोड्याचं आणि लिंबूसताचं प्रमाण तुमच्या घरापुरतं नेमकं सांगतो.